‘मॅडम नुसते प्रश्नच विचारतात’

“आयसीत मॅडम काही सांगतच नाहीत, नुसते प्रश्न विचारतात. मला काहीच येत नाही हे त्यांना दाखवून द्यायचंय का?” एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) पहिल्या वर्षाची मुलगी, परभणीहून पुण्याला आलेली. डोळे भरून आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आयसी म्हणजे फील्डवर्कच्या रिपोर्टवर सुपरवायझर आणि विद्यार्थी दोघांनीच बसून बोलायचं. नर्सिंगची, बीएडची मुलंही हीच तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. बारावीपर्यंत प्रश्न म्हणजे परीक्षा, आणि गप्प राहिलं की मार्क गेले, हेच अंगवळणी पडलेलं असतं.

मी तिचा रिपोर्ट मागितला. जनता वसाहतीतली गृहभेट. सहावीतली मुलगी शाळेत येईना. हिने आईला २००९ चा शिक्षण हक्क कायदा, ६ ते १४ वयाची तरतूद, सगळं समजावलं होतं. शेवटची ओळ : ‘पालकांमध्ये जागृतीचा अभाव.’

“तू बोलत होतीस तेव्हा त्या काय करत होत्या?”

“मेथी निवडत होत्या.”

“हात कधी थांबले का त्यांचे?”

ती बराच वेळ गप्प बसली. मीही बसले. ही शांतता मोडायची नाही, एवढं मी इतक्या वर्षांत शिकले आहे.

“एकदा. निघताना मी सहज विचारलं, पाणी कधी येतं म्हणून. म्हणाल्या, सकाळी साडेसहाला. त्या तेव्हा धुण्याभांड्याला गेलेल्या असतात, पाणी पोरगीच भरते.” मग तीच थबकली. “आणि शाळा सातची आहे!”

हे रिपोर्टमध्ये कुठेच नव्हतं.

ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये अनुभवाकडे मागे वळून पाहण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या : काय घडलं, काय वाटलं, काय जमलं-काय नाही, तसं का झालं, वेगळं काय करता आलं असतं, पुढे काय करायचं. पहिलीवरून थेट निष्कर्षावर उडी मारली की ‘जागृतीचा अभाव’ लिहिला जातो. सुपरवायझरचे प्रश्न मधल्या पायऱ्यांवर थांबवण्यासाठी असतात. मात्र चारचौघांत पाणउतारा करणाऱ्या प्रश्नांना मी मार्गदर्शन म्हणणार नाही. तसं होत असेल तर विभागप्रमुखांशी बोलायलाच हवं. आणि एखाद्या मुलाच्या जिवाला धोका असेल, तर तिथे प्रश्न विचारत बसायचं नाही, काय करायचं ते सरळ सांगायचं.

तिला मी दोनच गोष्टी सुचवल्या. उत्तर सुचलं नाही तर “मला दोन मिनिटं द्या” म्हण. आणि आयसीला जाताना स्वतःचा एक प्रश्न लिहून ने.

पुढच्या आठवड्यात तिने वही दाखवली. वर लिहिलं होतं : ‘दुपारच्या सत्रात नाव घालता येईल का, शाळेत कोणाला विचारू?’ खाली मॅडमच्या अक्षरात : ‘आधी मुलीला विचारलंस का?’

“नव्हतं विचारलं,” ती म्हणाली. “गुरुवारी जातेय.”