नाश्त्याला काहीतरी हटके हवंय? आधी घरातला सँडविच मेकर बाहेर काढा

तुम्ही विचारलंय की रोज सकाळी तेच तीन-चार प्रकार आलटून पालटून होतात, खाणारे नाकं मुरडतात, तर घरच्याच सामानात होईल असं काही नवीन सांगा आणि वेळही फार नको.

मीही यातून गेलेय. फोनमध्ये सेव्ह करून ठेवलेल्या रेसिप्यांचा ढीग, त्यातल्या केल्या किती तर दोन. शेवटी माझ्या लक्षात आलं की घरचे चवीला कंटाळलेच नव्हते, ते मऊपणाला कंटाळले होते. सकाळच्या घाईत आपण जवळजवळ सगळंच झाकण मारून वाफेवर नाहीतर पाण्यात शिजवतो, मग ताटात येतं ते गिळगिळीत नाहीतर लुसलुशीत, दाताखाली कुरकुर म्हणून नाही. आणि खरपूसपणा येणार कसा, पदार्थात पाणी आहे तोवर तो 100 डिग्रीला अडकून बसतो आणि तो तांबूस रंग, तो वास यायला साधारण 140 च्या पुढे जावं लागतं. म्हणून मी नवे पदार्थ शोधणं बंद केलं आणि पाणी कसं घालवायचं याच्या मागे लागले.

सगळ्यात हिट झाला तो सँडविच मेकरमधला बटाटा. दोन मध्यम बटाटे जाड किसायचे, मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचे आणि मग सुती फडक्यात घालून दात-ओठ खाऊन पिळायचे. कच्च्या बटाट्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, पहिल्यांदा पिळलं की वाटीत किती निघतं ते बघून दचकायला होतं. ते पाणी लगेच फेकू नका हां, पाच मिनिटांनी वरचं लाल पाणी हळूच ओतून द्या, तळाला पांढरा घट्ट साका बसलेला दिसेल, तो बटाट्याचा स्टार्च, तो खरवडून परत किसात घाला, बांधायला वेगळं पीठ लागत नाही. मिरपूड घाला, दोन्ही प्लेटांना तेल लावा, मशीन चांगलं तापू द्या आणि पातळ पसरून बंद करा.

आणि आता उघडू नका. माझं पहिल्या वेळी हेच चुकलं, तीन मिनिटांत डोकावले तर अर्धा बटाटा वरच्या प्लेटला आणि अर्धा खालच्या, मग चमच्याने खरवडून खाल्लं सगळ्यांनी. आता घड्याळ बघतच नाही, कडेने वाफ जोरात येतेय तोवर थांबायचं, वाफ मंदावली की समजायचं पाणी संपलं आणि आता कुठे भाजायला लागलंय. मला आठ-दहा मिनिटं लागतात. सपाट प्लेटचा असेल तर जास्त छान होतं, त्रिकोणी खोबणीवाल्यात मधला भाग जरा मऊ राहतो.

उरलेल्या भाताचंही याच मशीनमध्ये होतं. एक वाटी भात, एक अंडं, मूठभर चीज, चिरलेला कांदा, बस. भात फ्रीजमधला गारच हवा, रात्रभरात दाणा कोरडा आणि कडक होतो म्हणून तो कुरकुरीत होतो, ताज्या भाताचा नुसता गोळा होतो. फक्त भात रात्रभर ओट्यावर ठेवलेला नको, शिजल्यावर तास-दोन तासांत फ्रीजमध्ये गेलेला हवा. भातातले काही जंतू शिजवूनही तगतात, भात बाहेर राहिला की वाढतात, आणि त्यांनी एकदा विष तयार केलं की सकाळी कितीही गरम करा, ते जात नाही.

मशीन नसेल तर नॉनस्टिक तव्यावर तेल न घालता तळहाताएवढं किसलेलं चीज पसरा. ते वितळेल, बुडबुडे येतील, कडा बदामी व्हायला लागल्या की मधोमध अंडं फोडा आणि अर्धा-एक मिनिट झाका. कडेने जाळी, मधे मऊ बलक. मीठ घालू नका, चीजमध्येच भरपूर असतं.

ओट्सचं नाव काढलं की आमच्याकडे कण्हणं सुरू व्हायचं, कारण लापशी. दीड कप जाड ओट्समध्ये एक फेटलेलं अंडं नीट चोळून घ्या, थोड्या तेलावर परता, आधी सगळं चिकट होतं आणि वाटतं की वाया गेलं, पण परतत राहिलात की दाणे सुटे होतात. मग पाऊण कपच पाणी घालायचं, ते आटलं की झालं. मोकळं, भातासारखं दाणेदार लागतं, वर परतलेली भाजी काहीही टाका.

अंडं खात नसाल तर डाळीचं पीठ आणि पाणी समसमान घ्या, त्यात मीठ आणि दोन चमचे तेल घालून रात्रीच भिजवून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी जाड तवा अगदी कडकडीत तापवून, तेल सोडून, झाकण न ठेवता धिरडी करा, कडा खुटखुटीत होतात. झाकलंत की परत तेच, मऊ.

केळं आणि दोन अंड्यांचे ते पॅनकेक सगळीकडे दिसतात ना, मला नाही पटले, उलटताना तुटतात. करायचेच तर पुरीएवढे लहान करा, आच मंद ठेवा. मायक्रोवेव्हमधल्या मगातल्या ऑम्लेटबद्दल तर बोलतच नाही, रबर होतं. मायक्रोवेव्हमध्ये अख्खं अंडं फोडून ठेवणार असाल तर बलकाला आधी टोचे मारा नाहीतर आत स्फोट होतो, पुसत बसाल.

वेळेचं म्हणाल तर ओट्स आणि चीज-अंडं रोजच्या घाईत होतं, बटाट्याला मात्र सगळं धरून अर्धा तास जातो. रात्रीच किसून ठेवू असं वाटेल, ठेवू नका, काळा पडतो. त्यापेक्षा रात्री बटाटे सालासकट जरा कच्चट उकडून फ्रीजमध्ये टाका आणि सकाळी गार असतानाच किसा, पिळायची कटकटच नाही.