केंद्रप्रमुख झालोय, शिक्षण परिषदेत कुणी ऐकतच नाही, काय करू?

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण 9 वर्षांपूर्वी मी अगदी हेच विचारत फिरत होतो. तुम्ही लिहिलंय की तुमच्या केंद्रात, म्हणजे तुमच्या देखरेखीखालच्या गटात, 11 शाळा, 38 शिक्षक, निम्मे तुमच्यापेक्षा सिनिअर, आणि महिन्याच्या शिक्षण परिषदेत लोक मागं बसून मोबाईलवर माहिती भरत असतात. भरणारच की ओ, त्यांना संध्याकाळपर्यंत ती लिंक पूर्ण करायचीय. मी सोलापूर जिल्ह्यात, अक्कलकोटच्या बाजूला केंद्रप्रमुख आहे, आधी 17 वर्षं वर्गावर होतो, त्यातनं जे कळलं ते सांगतो, जीआर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतील.

माझी पहिली परिषद म्हणजे फजिती होती. रात्री जागून पीपीटी केली, ज्ञानरचनावाद, अध्ययन निष्पत्ती, सगळं त्यात, आणि तिसऱ्या स्लाईडला लाईट गेली. सोलापूरचा मार्च, पत्र्याची खोली, तरी मी पाऊण तास तोंडी बोललो. नंतर चहा घेताना मागनं आवाज आला, "यांनी वर्गावर असताना यातलं काय केलं होतं ओ?" खरं सांगायचं तर फारसं काही नव्हतं केलं. चहा गप पिलो.

पुढच्या महिन्यात भाषण बंद. ग्रुपवर फक्त एवढंच टाकलं की येताना प्रत्येकानं गणिताच्या 5 वह्या आणा, हुशार पोरांच्या नकोत. तरी पहिल्यांदा लोकांनी सुंदर अक्षरातल्या, लाल पेननं बरोबरच्या खुणा केलेल्याच आणल्या, कारण वह्या बघायच्या म्हणजे तपासणीच असा आपल्याकडं शिक्का आहे. दुसऱ्यांदा मी माझ्या भाचीची वही नेली, तिच्या बेचाळीस वजा सतराचं उत्तर होतं 35. मग हळूहळू इतरांच्या पिशवीतनं वह्या निघायला लागल्या आणि बघतो तर 35 सगळीकडं! पोरं काय करतात, सातातनं दोन गेले पाच, चारातनं एक गेला तीन, मोठ्यातनं लहान वजा करून मोकळे. कोण म्हणालं लक्ष नसतं, कोण म्हणालं पालक बघत नाहीत, आणि एक बाई म्हणाल्या, "आपणच पहिलीत सांगतो ना, नेहमी मोठ्यातनं लहान वजा करायचं." खोली गप्प झाली. त्या दिवशी कुणी मोबाईल काढला नाही.

तुम्ही सीमेकडच्या भागात आहात का माहीत नाही, पण आमच्याकडचा सगळ्यात भारी किस्सा 47 चा. मराठीत आपण सत्तेचाळीस म्हणतो, म्हणजे आधी सात ऐकू येतं मग चाळीस, पण लिहिताना आधी चार. घरी कन्नड बोलणारं पोर 'नलवत्तेळु' म्हणतं, नलवत्तु म्हणजे चाळीस, एळु म्हणजे सात, बोलायचा आणि लिहायचा क्रम एकच. सोलापूर शहरात तेलुगू घरातल्या पोरांचं पण तेच, नलभै एडु. ही पोरं मराठी शाळेत आली की सत्तेचाळीस ऐकून 74 लिहितात आणि आपण त्यांना ढ म्हणतो. 2019 ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणायची पद्धत जोडीला दिली तेव्हा टीव्हीवर केवढा दंगा झाला, मी पण चेष्टेचे फॉरवर्ड पाठवले होते, आता लाज वाटते. 47 चं हे आमच्या लक्षात आणून दिलं ते केंद्रातल्या कन्नड शाळेच्या बाईंनी, कुठल्या तज्ज्ञ मार्गदर्शकानं नाही.

आता मुद्द्याचं. आपल्याकडं प्रशिक्षण वरनं खाली येतं, राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र, आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर पाणी घालून घालून आमटीचं कढण झालेलं असतं. सुलभक, म्हणजे खाली प्रशिक्षण देणारा, बिचारा दोन दिवसात ऐकलेलं दोन तासात सांगतो. त्यात वाईट कुणीच नाही, पण वर्गात काही बदलत नाही. न्यूझीलंडच्या शिक्षण संशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन यांनी सहकाऱ्यांबरोबर 2008 मध्ये मुख्याध्यापकांच्या नेतृत्वावरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले, त्यात मुलांच्या शिकण्यावर सगळ्यात जास्त परिणाम दिसला तो शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणाऱ्या आणि त्यात स्वतःही भाग घेणाऱ्या नेतृत्वाचा. स्वतः भाग घेणं, हे आपण गाळतोय बघा. साहेब उद्घाटनाला येतात, दीपप्रज्वलन करतात, नारळ फोडतात आणि 'मीटिंग आहे' म्हणून जातात.

म्हणून तुम्ही एक पाठ त्यांच्यासमोर घ्या. मी घेतला, तिसरीचा, काड्यांचे गठ्ठे घेऊन हातच्याची वजाबाकी, आणि तो सपशेल आपटला. पोरांनी काड्या मस्त मोजल्या, गठ्ठा सोडला, 25 म्हणाले, मी खूश, आणि फळ्यावर तेच गणित उभं मांडल्यावर परत 35. निवृत्तीला आलेले एक गुरुजी नंतर म्हणाले, "सर, काड्या वेगळ्या आणि आकडे वेगळे असंच वाटतंय त्यांना, गठ्ठा सोडला तेव्हाच फळ्यावरचा 4 खोडून 3 करायला पाहिजे होता." तेच गुरुजी ज्यांनी चहा पिताना मला टोमणा मारला होता! पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या शाळेत हा पाठ तसा घेऊन दाखवला आणि आम्ही बघायला गेलो.

जपानमध्ये हे शंभरेक वर्षांपासून चालतं, जुग्यो केंक्यू म्हणतात, तीनचार शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एकजण घेतो, बाकीचे बघतात आणि नंतर सगळे त्याच्यावर बोलतात. बघायचं कसं ही यातली खरी मेख आहे. मागं रजिस्टर घेऊन शिक्षकाकडं बघत बसायचं नाही, तीन पोरं वाटून घ्यायची आणि ती काय लिहितात, कुठं अडतात, शेजारच्याचं कधी बघतात तेवढंच टिपायचं. नंतर "सर तुमचा आवाज चांगला होता" असलं काही बोलायचं नाही, बोलायचं ते आपल्या तीन पोरांबद्दल. अशा भेटीत मी व्हिजिट बुकमध्ये शेरा लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर शिक्षक आदल्या दिवशी पाठ घोटून घेतो आणि पोरं पोपटासारखी उत्तरं देतात.

द्विशिक्षकी शाळेचं काय, हे विचारालच. दुसऱ्या शाळेत बघायला जायचं तर मागं वर्ग कुणी सांभाळायचा? मी सांभाळतो. महिन्यातनं दोनतीन वेळा शिक्षकाला शेजारच्या शाळेत पाठवतो आणि त्याचा वर्ग दिवसभर मी घेतो. पहिली ते चौथी एकत्र घेऊन संध्याकाळी घसा बसतो, पण भाषणानं जी किंमत मिळाली नसती ती यानं मिळाली.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकानं वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं आहे. सरकारच्या दीक्षा ॲपवर प्रशिक्षणाचा व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडत हे तास भरणारे पण मी बघितलेत, त्यांना दोष देत नाही, व्हिडिओच तसे असतात. पण वही घेऊन बसलेले दोन तास त्यांना आठवतात.

सगळे 38 येतील असं धरू नका. माझ्याकडं दोघं अजून मागंच बसतात, बसू देत. सुरुवात त्या चारपाच जणांपासून करा जे परिषद संपल्यावर पण दारात उभं राहून वर्गातलं काहीबाही बोलत असतात. आणि केंद्रात कन्नड किंवा उर्दू शाळा असेल तर तिथल्या बाईंना पहिल्याच बैठकीत बोलायला लावा, मला ते सुचायला दोन वर्षं लागली.