फुगलेलं कपाट बंबात घालू का?

प्रश्न : आमचं एमडीएफचं कपाट दोन पावसाळ्यांत तळाशी पावासारखं फुगलं. फळ्या बंबात जाळल्या तर? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : नको हो! फणसाच्या ढलप्या आम्हीही जाळतो, पण हे तसलं लाकूड नव्हे. लाकडाचे तंतू बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या गोंदात दाबून हा बोर्ड होतो. त्याचा धूर विषारी. गंमत म्हणजे ज्या ओलाव्यानं कपाट बिघडवलं, तोच पुनर्वापराची किल्ली. दाबाखालच्या वाफेत गोंद सुटतो, तंतू मोकळे होऊन नव्या बोर्डात जातात. आधी लॅमिनेट, बिजागऱ्या मात्र काढाव्या लागतात. घरी हे जमायचं नाही. फोंड्याच्या माझ्या वर्कशॉपात मी फुगलेली पट्टी कापून टाकतो, कोरड्या तुकड्यांचे खणांचे तळ करतो. कापताना मास्क लावा, आणि कापलेल्या कडेला सीलर.