मी ट्रेकर आहे, दोराच्या गाठी मारता येतात. नाशिकमध्ये रोप बाँडेज सुरक्षितपणे कसं शिकावं आणि ग्रुप कुठे मिळेल?

रोप बाँडेज, म्हणजे संमतीने जोडीदाराला दोराने बांधणं, याची तुमची आणि बायकोची, दोघांची इच्छा आहे, दोर कोणता घ्यावा, नाशिकात कुणी शिकवणारं भेटेल का, इथपर्यंत तुमचा प्रश्न वाचून मी पुढे गेले असते. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘मी ट्रेकर आहे, त्यामुळे गाठींची काळजी नाही.’ म्हणून लिहायला बसले. काळजी गाठींचीच आहे.

मला बांधणाराही असाच होता. अंजनेरी, हरिहर, ब्रह्मगिरी सगळं पायाखाली घातलेलं, रॅपलिंग लावण्यात हातखंडा. त्याच्या दोरावर मी कड्यावरून बिनधास्त उतरले होते, त्यामुळे घरात विश्वास ठेवणं ओघानेच आलं. हात पाठीमागे घेऊन दंडावरून आणि छातीवरून फेरे घ्यायचे, ती प्रसिद्ध जपानी बांधणी त्याने व्हिडिओ बघून केली. दुखत नव्हतं. हात थोडे जड वाटले, तसं मी बोललेही. त्याने बोटांचा रंग बघितला, नखं गुलाबी होती, म्हणाला, ‘रक्त व्यवस्थित चाललंय, हलू नकोस.’ सोडल्यावर उजवा पंजा मनगटातून खाली लोंबायला लागला. वर उचलायचा म्हटलं तर उचलेना.

रक्त व्यवस्थित चालूच होतं. दबली होती ती रेडियल नर्व्ह, मनगट आणि बोटं वर उचलणारी हाताची नस. ही दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून बाहेरच्या बाजूला येते आणि तिथे हाडावर उघडीच पडल्यासारखी असते. नेमका तिथेच दोर बसतो. नस दबली की हात निळा पडेलच असं नाही, मुंग्या येतीलच असंही नाही. नखांचा रंग फक्त रक्ताचं सांगतो.

पुढचे काही आठवडे ऍक्टिव्हाचा ऍक्सिलरेटर पिळता येईना, पोळी लाटता येईना, ऑफिसात माउस डाव्या हाताने. आईला सांगितलं, हात अंगाखाली घेऊन झोपले. न्यूरॉलॉजिस्टने पहिला प्रश्न विचारला, ‘दारू घेतली होती का?’ कारण दारू पिऊन खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपणाऱ्यांना नेमकं हेच होतं, त्याला सॅटर्डे नाइट पाल्सी म्हणतात. मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी भुवईसुद्धा वर केली नाही, स्प्लिंट आणि फिजिओथेरपी लिहून दिली. डॉक्टरांना खरं सांगा हो, लाज वाटली तरी. नस कुठे आणि कशाने दबली हे कळलं नाही तर ते अंधारात चाचपडत बसतात. नस नुसती दबलेली असेल तर बहुतेकदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते. माझी आली.

आणि त्या गृहस्थाचं म्हणणं काय? ‘तू हललीस म्हणून झालं.’ आमच्या ट्रेकिंगच्या गोतावळ्यातल्या दोघातिघांनाही त्याने तेच पटवलं. तर आता त्याचं उत्तर इथे देते, तुमच्याही कामाचं आहे. कड्यावर दोर हार्नेसला लागतो, कातडीला नाही. हार्नेसचा रुंद पट्टा मांड्या आणि कमरेवर वजन वाटून घेतो. तिथली गाठ भार आला तरी सुटू नये म्हणून असते, आणि प्रुसिक, म्हणजे जाड दोराभोवती बारीक दोर गुंडाळून मारायची गाठ, तर भार आला की आणखी आवळावी म्हणूनच मारतात. इथे नेमकं उलट हवं: ओढ बसली तरी फेरा आवळता कामा नये आणि गाठ क्षणात सुटली पाहिजे. माणूस हलणारच, दगड आहे का तो? हलल्यावर आवळणारी बांधणी ही बांधणाऱ्याची चूक. जड वाटतंय असं सांगितल्यावर न सोडणं ही त्याहून मोठी.

म्हणून सुरुवात एका मनगटापासून करा: सपाट दोनतीन फेरे, खाली दोन बोटं सहज जातील इतके सैल आणि न आवळणारी गाठ. दंडाची बाहेरची बाजू, कोपराची आतली बाजू, गुडघ्याखालची बाहेरची बाजू या जागा टाळा. गुडघ्यापाशी नस दबली तर पाऊल लोंबतं. गळ्याभोवती दोर नाही, कधीच नाही. दर थोड्या वेळाने पंजा वर उचलायला लावा आणि तुम्ही तो खाली दाबून बघा, मग बोटं फाकवायला लावा. जोर कमी वाटला की वाद न घालता सोडा. अंगठ्यामागचा भाग किंवा करंगळी बधिर झाली तरी तेच. बोथट टोकाची पट्टी कापायची कात्री सिव्हिलच्या आसपास सर्जिकल दुकानांत मिळते, ती हाताशी ठेवा आणि महागडा दोर कापायला मागेपुढे बघू नका. बांधलेल्या माणसाला सोडून शेजारच्या खोलीतही जायचं नाही. दारू नाही. थांबायचा शब्द आधी ठरवा, बोलता येत नसेल तर हातात किल्ल्या द्या, टाकल्या की थांबायचं. आणि लटकवणं सध्या डोक्यातून काढून टाका. रॅपलिंग येतं म्हणून तर आधी काढा.

दोर ताग किंवा सुताचा, साधारण 6 मिलिमीटर जाडीचा, सातआठ मीटरचे तुकडे. क्लाइंबिंगचा दोर नको, तो जाड आणि ताणणारा असतो. नायलॉन सरकतो.

ग्रुपचं म्हणाल तर मी मुंबईला जाते, सकाळची पंचवटी पकडून. कॉलेज रोडच्या कॅफेत बसून हे बोलायची माझी तरी छाती नाही, शेजारच्या टेबलावर नक्की कुणाची तरी मावशी निघते. फेटलाइफ या अशा आवडी असणाऱ्यांच्या सोशल साइटवर खातं काढा, खरं नाव आणि चेहरा न टाकता. मुंबई-पुण्याच्या भेटी तिथून कळतात. त्यांना इंग्रजीत ‘मंच’ (munch) म्हणतात, कॅफेत साध्या कपड्यांत नुसत्या गप्पा, दोर कुणी काढत नाही. द किंकी कलेक्टिव्ह हा गट संमतीबद्दल बरीच वर्षं उघडपणे बोलतोय, त्यांचं वाचा. टेलिग्रामवर आधी पैसे मागणारे ‘मास्टर’ लगेच ब्लॉक करा. शिकवणारा भेटला तर त्याला विचारा, तुझ्या हातून कुणाला काय इजा झाली आणि मग तू काय केलंस? ‘कधीच नाही’ म्हणाला तर चहा पिऊन निघा. त्याने बांधलेल्या माणसांशीही बोला, त्याच्या गैरहजेरीत.

हे सगळं पाळूनही इजा होऊ शकते, हे सांगायला हवं. मधुमेह असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा खांदा निखळलेला असेल तर आधी डॉक्टर. कायद्याचंही बघा: भारतीय न्याय संहितेत 18 वर्षांवरच्या माणसाच्या संमतीला किंमत आहे, पण गंभीर दुखापत होण्याची शक्यता माहीत असूनही केलेल्या कृतीला संमतीची ढाल चालत नाही. फोटोसाठी वेगळं विचारा, बांधायला हो म्हटलं म्हणजे फोटोलाही हो, असं नसतं.

तुमच्या प्रश्नात ‘दोघांची इच्छा’ आहे, पण बायकोचं स्वतःचं एकही वाक्य नाही. हे उत्तर तिला वाचायला द्या. आणि पहिले काही दिवस तिला तुमची मनगटं बांधू द्या.