रंगीत काचांच्या चष्म्याने वाचन सुधारते का?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. वाचताना त्याची ओळ सुटते, मधलेच शब्द गळतात आणि अर्ध्या तासात कपाळ दुखू लागते. अक्षरे हलतात, असे तो म्हणतो. इथल्या चष्म्याच्या दुकानात तपासले तेव्हा नंबर नाही असे सांगण्यात आले. नंतर शहरातील एका केंद्रात पानावर वेगवेगळ्या रंगांच्या पारदर्शक पट्ट्या ठेवून त्याला वाचायला लावले. निळ्या पट्टीने बरे वाटते असे तो म्हणाला, म्हणून निळसर काचांचा चष्मा सुचवला आहे. त्याची किंमत आमच्या महिनाभराच्या उत्पन्नाएवढी आहे. पुढच्या वर्षी दहावी असल्याने धीर होत नाही. चष्मा घ्यावा का? — एक पालक, कराड

उत्तर : तूर्त घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निळ्या पट्टीने मुलाला बरे वाटले, यावर माझा विश्वास आहे. परंतु अक्षरे का हलतात याचा शोध अजून कोणी घेतलेलाच नाही, आणि तो घेण्याआधी काचेला रंग देणे म्हणजे ताप कशाचा आहे हे न पाहता कपाळावर ओली पट्टी ठेवत राहणे होय.

ही कल्पना आली कुठून, ते थोडक्यात सांगते. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ हेलेन अर्लेन यांनी १९८३ साली असे मांडले की काही व्यक्तींना प्रकाशातील विशिष्ट रंगछटांचा त्रास होतो आणि तेवढ्या छटा गाळल्या की पान स्थिर दिसते. पुढे ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ आर्नल्ड विल्किन्स यांनी छापील ओळींचे पट्टे मेंदूच्या दृष्टिकेंद्राला अति उत्तेजित करतात, अशी उपपत्ती मांडून रंग निवडण्याचे उपकरणही तयार केले. कल्पना विचार करण्याजोगी होती, मात्र कसोटीवर ती फारशी टिकलेली नाही. २०११ साली एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी वाचनात मागे असलेली ७ ते १२ वर्षांची ६१ मुले घेतली. या पद्धतीच्या प्रशिक्षित तपासनिसाने त्यांतील ७७ टक्के मुलांना रंगाची गरज असल्याचे ठरवले. पण त्या मुलांनी ‘स्वतःच्या’ रंगाच्या पट्टीतून, दुसऱ्या रंगाच्या पट्टीतून आणि बिनरंगी पट्टीतून वाचले, तेव्हा वाचनात काहीच फरक पडला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी त्याआधीच, २००९ साली, संयुक्त निवेदन काढून वाचनदोषावरील उपचार म्हणून रंगीत काचांना शास्त्रीय आधार नसल्याचे म्हटले होते.

आता तुमच्या मुलाकडे वळू. दुकानातील तपासणीत ‘नंबर नाही’ याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की सहा मीटर अंतरासाठी आखलेला भिंतीवरचा तक्ता त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. पुस्तक हातभर अंतरावर असते आणि तिथे डोळ्यांना वेगळेच श्रम पडतात. या वयात डोळ्यातील भिंग इतके लवचिक असते की अधिकचा, म्हणजे प्लस नंबर असूनही मूल ताण देऊन तो झाकून टाकते, तक्ता बिनचूक वाचते आणि अभ्यासाला बसले की अर्ध्या तासात दमते. हा दडलेला नंबर भिंगाचे स्नायू सैल करणारे थेंब घालूनच नीट सापडतो. तेव्हा नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन ‘थेंब घालून नंबर तपासा’ असे आवर्जून सांगा.

दुसरी तपासणी दोन्ही डोळ्यांच्या जोडकामाची. जवळचे वाचताना दोन्ही डोळे आत वळून एकाच अक्षरावर टेकावे लागतात; ते टिकले नाहीत तर अक्षरे एकमेकांवर सरकतात, म्हणजे मुलाच्या भाषेत ‘हलतात’. काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आलेली एक मुलगी धडा वाचताना डोके एका बाजूला कलवून तळहाताने नकळत डावा डोळा झाकत होती. तसे का करतेस, असे विचारल्यावर ‘मग ओळ गप्प बसते’ असे ती म्हणाली, आणि त्या एका वाक्याने निदानाची दिशा मिळाली. पेन्सिलचे टोक नाकाकडे नेले की बहुतेक मुलांना ते पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत एकच दिसते; तिला ते वितीच्या अंतरावरच दोन दिसू लागले. मुलाला एक डोळा झाकून परिच्छेद वाचायला सांगा. अक्षरे स्थिर झाली, तर ती गोष्ट डॉक्टरांना सांगा. या दोषावर दवाखान्यात करून घेण्याचे व्यायाम आहेत. अमेरिकेत ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा १२ आठवड्यांच्या व्यायामांनी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचा त्रास पुरता गेला किंवा बराच कमी झाला. अर्थात, डोळ्यांचा त्रास थांबला म्हणून वाचनाचे आकलनही आपोआप वाढते असे नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच व्यायामांच्या चाचणीत नकली व्यायामांच्या तुलनेत आकलनात अधिक वाढ दिसली नाही.

म्हणूनच तिसरी शक्यता, म्हणजे डिस्लेक्सिया ही वाचनाशी निगडित अध्ययन अक्षमता, मला सर्वांत महत्त्वाची वाटते. डिस्लेक्सियाचे मूळ बहुतांशी डोळ्यांत नसून शब्दांतील आवाज सुटे करून पुन्हा जुळवण्याच्या मेंदूच्या क्षमतेत असते. ‘सरबत’मधला ‘र’ काढला तर काय उरते, असे मुलाला तोंडी विचारून पाहा. या प्रश्नात पाहण्याजोगे एकही अक्षर नाही, तरीही अशी मुले अडखळतात. तो ‘कर्म’चे ‘क्रम’ वाचतो का, अनोळखी शब्द अंदाजाने ठोकून देतो का, याकडेही लक्ष द्या. तसे असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी विनाविलंब करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. अधिकृत शासकीय रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर राज्य मंडळाच्या परीक्षेत वाढीव वेळेसारख्या सवलती मिळतात, आणि ती प्रक्रिया वेळखाऊ असल्याने नववीतच सुरू केलेली बरी. चष्म्याची पावती तिथे कामी येत नाही. चष्म्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे विशेष शिक्षकाच्या तासांसाठी राखून ठेवा.

प्रश्न : मी दहावीत आहे. पिवळ्या जिलेटिन कागदाखाली धरले की मला पान कमी चमकते आणि शांतपणे वाचता येते. तो वापरणे सोडून देऊ का? — एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : सोडण्याचे कारण नाही. गुळगुळीत पांढऱ्या कागदाची चकाकी अनेकांना, विशेषतः अर्धशिशी असणाऱ्यांना, खुपते आणि तुझा कागद ती कमी करत असेल. मात्र वर लिहिलेल्या तपासण्या तूही करून घे. त्याचबरोबर दिव्याची जागा बदलून पाहा. तो डाव्या खांद्यामागून यावा, समोरून नको, आणि तू डावरी असशील तर उजव्या खांद्यामागून. कागदाचा खरोखर उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी सारख्याच अवघड अशा सहा उताऱ्यांपैकी तीन पिवळ्या कागदातून व तीन साध्या पारदर्शक प्लॅस्टिकमधून आलटून पालटून मोठ्याने वाच, आणि आईला वेळ व चुका लिहून ठेवायला सांग. परीक्षेत तो चालेल का, हे मुख्याध्यापकांमार्फत मंडळाला आधीच लेखी विचार. रंगीत काचांचा चष्मा लावून संध्याकाळनंतर सायकल वा स्कूटर मात्र चालवू नकोस, कारण गडद काचेतून रस्त्यावरचा खड्डा दिसत नाही. कागदावर चरे पडले की तो बदल. चऱ्यांमुळे उजेड विखुरतो आणि तुला नको असलेली चमक पुन्हा सुरू होते.