बोनसच्या महिन्यात कर इतका का कापला गेला?

महिना ५०,००० पगार, कर दरमहा ५,०००. दहाव्या महिन्यात ९०,००० बोनस आला आणि कपात एकदम २३,००० झाली, हे चुकलंय का, असं तुम्ही विचारलंय. बरीच वर्षं पगारपत्रकं केली आहेत म्हणून सांगतो, हा आकडा बरोबर असू शकतो.

दर महिन्याला कापला जातो तो त्या महिन्याचा कर नसतो. आयकर वर्षाच्या उत्पन्नावर लागतो. कंपनी वर्षभराच्या कराचा अंदाज बांधते आणि त्याचा हप्ता कापत राहते.

आकडे मांडून बघू. समजायला सोपे पडावेत म्हणून स्लॅब मी मनाचे घेतोय: पहिल्या २ लाखांवर शून्य, पुढच्या २ लाखांवर १० टक्के, ४ ते ८ लाखांवर २० आणि त्यापुढे ३०. तुमचं वर्षाचं उत्पन्न ६ लाख. कर २०,००० अधिक ४०,०००, म्हणजे ६०,०००. भागिले बारा, ५,०००. बोनस आल्यावर उत्पन्न ६,९०,००० झालं आणि कर ७८,०००. वाढलेले १८,००० त्याच महिन्यात वसूल केले की कपात २३,००० होते. काही कंपन्या ते उरलेल्या महिन्यांत विभागतात. नऊ महिन्यांत ४५,००० गेलेच आहेत, राहिलेले ३३,००० तीन महिन्यांत ११,००० प्रमाणे. वर्षाचा कर दोन्हीकडे सारखाच.

पण सगळीकडे असा हिशेब होत नाही. भारतातला पगारावरचा टीडीएस (पगार देतानाच कापला जाणारा कर) वर्षाच्या अंदाजावर चालतो. ब्रिटनमध्ये १९४४ पासून पीएवायई ही पगारातूनच कर कापण्याची पद्धत आहे, त्यात वर्षाच्या सुरुवातीपासून आजवरची कमाई आणि आजवर कापलेला कर, दोन्ही दर वेळी नव्याने जुळवले जातात. अमेरिकेत बोनस वेगळा दाखवला तर त्यावर सरसकट २२ टक्के कापता येतात (१० लाख डॉलरपर्यंत). वेगळा न दाखवता पगारातच मिसळला, तर जणू दरमहा एवढेच पैसे मिळणार आहेत असं धरून कर काढला जातो. तुमच्याच आकड्यांत बघा: १,४०,००० गुणिले बारा म्हणजे १६,८०,०००, त्यावर कर ३,६४,००० आणि महिन्याची कपात सुमारे ३०,३३३. इथे सात हजारांच्या वर जास्त कापले जातात. ते विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात, पण तोवर अडकलेले असतात.

भविष्य निर्वाह निधी किंवा सामाजिक सुरक्षेची वर्गणी याच्याशी गल्लत करू नका. तिचा हिशेब स्वतंत्र असतो. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के पहिल्या डॉलरपासून लागतात आणि वार्षिक मर्यादा गाठली की थांबतात. स्लिपवर या रकमा एकाखाली एक दिसतात, म्हणून लोक त्यांची बेरीज करून 'एवढा टॅक्स गेला' म्हणतात.

आणि पगारवाढीने वरच्या स्लॅबमध्ये गेलो म्हणून हातात कमी पडेल, ही भीती सोडून द्या. वरचा दर फक्त त्या रेषेपलीकडच्या रकमेवर लागतो.

खरा फटका बसतो तो वर्षाच्या मध्यावर नोकरी बदलताना. माझ्या एका सहकाऱ्याने आधीच्या सहा महिन्यांचा पगार नव्या ठिकाणी कळवला नाही. दोन्ही कंपन्यांनी उत्पन्न ३ लाखच धरलं आणि करमुक्त २ लाखांची सवलत दोनदा दिली. वरच्या स्लॅबने सांगायचं तर दोघींनी मिळून २०,००० कापले, कर मात्र ६०,००० होता. उरलेले ४०,००० त्याला वर्षाअखेरीस एकरकमी भरावे लागले, आणि तेव्हा त्याच्या घरात आजारपण सुरू होतं. म्हणून नवीन ठिकाणी रुजू होताना जुन्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील पहिल्याच आठवड्यात द्या.

तुमच्या बाबतीत, पुढच्या महिन्याची स्लिप बघा. कपात पुन्हा ५,००० वर आली असेल तर हिशेब बरोबर आहे. २३,००० च राहिली, तर जास्त कर कापला जातोय. लगेच लेखी कळवा.