दक्षिण आफ्रिकेचा फ्लायवेट विजेता मुष्टियोद्धा जेकब मात्लाला याची कारकीर्द कशी होती?

जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो वस्तीत वाढलेला जेकब मात्लाला 'बेबी जेक' या नावाने ओळखला जाई, कारण त्याची उंची जेमतेम १४७ सेंटिमीटर होती. मात्र ही उणीव त्याने शस्त्रासारखी वापरली: प्रतिस्पर्ध्याच्या अगदी छातीशी भिडायचे, त्याला लांब हातांचा फायदा मिळू द्यायचा नाही आणि बरगड्यांवर न थांबता ठोसे मारत राहायचे, ही त्याची पद्धत होती.

१९९३ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे पॅट क्लिंटनला त्याच्याच देशात आठव्या फेरीत नमवून त्याने डब्ल्यूबीओचे (जागतिक मुष्टियुद्ध संघटना) फ्लायवेट (सुमारे ५०.८ किलोपर्यंतचा वजनगट) विजेतेपद मिळवले. १९९५ च्या आरंभी मेक्सिकोच्या अल्बेर्तो हिमेनेसने ते हिरावून घेतले, तरी त्याच वर्षी एक वजनगट खाली उतरून, पुन्हा ग्लासगोतच, त्याने पॉल विअरकडून लाइट फ्लायवेटचा पट्टा, म्हणजेच विजेतेपद, जिंकला.

माझ्या मते त्याचा सर्वश्रेष्ठ विजय १९९७ चा आहे. लास वेगासमध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, ऑलिंपिक रौप्यपदक विजेत्या मायकेल कार्बाहालला त्याने नवव्या फेरीत पराभूत केले. २००२ मध्ये, नेल्सन मंडेला यांच्या उपस्थितीत, अखेरची लढत जिंकूनच तो निवृत्त झाला. ७ डिसेंबर २०१३ रोजी, मंडेलांच्या निधनानंतर दोनच दिवसांनी, त्याचे निधन झाले.